बॉसला एक न्याय, मला दुसरा

हरण्याचं मला काही वाटत नाही. गेम खेळायला बसलं की मरायचंच, त्यात लाज कसली? माझं भांडण नियमांशी आहे. चार वार केले की मला दम लागतो, बॉसला, म्हणजे गेममधल्या बड्या शत्रूला, लागत नाही. भिंत आडवी आली की माझी तलवार खण्णकन आपटून परत येते. त्याची कुऱ्हाड तीच भिंत आरपार करून माझ्या बरगडीशी पोचते. पुन्हा पडद्यावर ती हातभर लांबून गेलेली दिसते, तरी मी मेलेला! कारण वार लागला की नाही हे कुऱ्हाड ठरवतच नाही. तिच्याभोवती हिटबॉक्स नावाची अदृश्य पेटी असते, आणि ती आखणाऱ्याचा हात जरा सढळ असतो.

ही परंपरा जुनी आहे. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये गाइल या लढवय्याचा सॉनिक बूम, म्हणजे लांबून फेकायचा मारा, सोडायचा तर मी दांडी साधारण सेकंदभर मागे धरून ठेवायची, मग झटक्यात पुढे आणि ठोसा. कॉम्प्युटरचा गाइल मात्र रमतगमत पुढे चालत येतो आणि तिथूनच सोडतो. मागे धरण्याचे सोपस्कार फक्त माणसांना. १९८८च्या ‘निन्जा गायडेन’मध्ये तर मेलेला शत्रूही विश्वासाचा नाही. त्याची उगवण्याची जागा पडद्याबाहेर जाऊन परत आत आली, की गेम त्याला नव्याने जन्माला घालतो. म्हणजे पक्षी मारला, बावरून एक पाऊल मागे घेतलं, पुन्हा पुढे आलो, की पक्षी हजर. त्याचा धक्का, आणि मी खड्ड्यात. तिथे मारायचं आणि पुढेच पळायचं. सावधपणा अंगाशी येतो.

‘स्कायरिम’चा लेजेंडरी, म्हणजे सर्वांत अवघड, स्तर मला निव्वळ आळशीपणा वाटतो. माझा वार पाव, शत्रूचा तिप्पट. गुणाकार केला की अन्याय बारापट. शत्रू हुशार झालेला नसतो, नुसता जाड झालेला असतो.

‘एल्डन रिंग’ची बॉस मालेनिया निदान कल्पक आहे. तिचा वार लागला की तिची तब्येत सुधारते. ढालीवर झेलला तरी सुधारते! म्हणजे ढाल घेऊन उभं राहणं ही तिची शुश्रूषाच. त्यात तिचं आयुष्य साधारण पाऊण उरलं, की कधीही ती हवेत उडते, क्षणभर थांबते आणि वारांची सर सुरू करते. तो क्षणभराचा थांबा हीच आपली मुदत. लांब असाल तर पाठ फिरवून पळा. जवळ असाल आणि फ्रीझिंग पॉट, म्हणजे शत्रूला गारठवणारं मडकं, हाताशी असेल तर फेका. गारठा साठत जाऊन हिमबाधा पूर्ण भरली तर ती खाली कोसळते. मात्र प्रत्येक वेळी हिमबाधा भरायला आधीपेक्षा जास्त लागतं, त्यामुळे सगळी मडकी हौसेने सुरुवातीलाच उधळू नयेत.

गंमत म्हणजे माझ्या बाजूने लबाडी झाली की मी अवाक्षर काढत नाही. ‘फायर एम्ब्लेम’चे २००२पासूनचे कित्येक भाग नेम लागला की नाही हे ठरवायला नशिबाचे दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरतात. पडद्यावर ९० टक्के लिहिलेला नेम प्रत्यक्षात ९८ टक्क्यांच्या वर लागतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम, म्हणजे पडद्यावरची काही क्षणचित्रं जाईपर्यंत, उडी मारू देणारे गेम तर ढीगभर आहेत. यावर कधी कोणी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही. उलट लिहिलेला आकडा खरा असणाऱ्या गेममध्ये ९५ टक्क्यांचा नेम चुकला की आम्ही गेमच्या खानदानाचा उद्धार करतो. सरासरी वीसांत एकदा तो चुकणारच, हे गणित तेवढ्यापुरतं रद्द होतं.

मला खरा संताप येतो तो बटण वाचणाऱ्यांचा. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो; सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १५ फ्रेम गेल्या. वर टीव्ही चित्र सजवून दाखवण्यात वेळ काढतो, म्हणून त्याचा गेम मोड आधी चालू करावा. बॉस टीव्ही बघत नाही. त्याला माझ्या बटणाची वर्दी थेट मिळते. ‘एल्डन रिंग’मधल्याच गॉडस्किन नावाच्या बॉस मंडळींसमोर लांबून औषधाची बाटली तोंडाला लावा, घोट उतरायच्या आत काळा अग्निगोळा निघालेला असतो. खांबाआड प्यावं, किंवा त्यांची लांबलचक वारांची माळ संपल्या संपल्या. पण पुरेसं अंतर असेल तर मी मुद्दाम समोर उभं राहून पितो. तो ठरल्याप्रमाणे फेकतो, तोवर घोट पोटात गेलेला असतो. गोळा अंगावर आला की तिरकं पुढे लोळायचं आणि त्याचा हात खाली येईपर्यंत पोटावर दोन वार करायचे. दोनच. तिसऱ्याचा मोह झाला की पुन्हा चेकपॉइंट.