अलास्काच्या त्या फोटोत दोन महासागर नाहीत, हिमनद्यांचं पाणी आहे

एका बाजूला गडद निळं पाणी, दुसऱ्या बाजूला दुधट हिरवट, मधे फेसाची लांबच लांब रेघ. खाली मजकूर: ‘अलास्काच्या आखातात अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर भेटतात, पण त्यांचं पाणी कधीच एकमेकांत मिसळत नाही. मधे निसर्गाची अदृश्य भिंत आहे. शास्त्रज्ञांकडेही याचं उत्तर नाही.’ नातेवाइकांच्या ग्रुपवर ही पोस्ट काही महिन्यांनी हमखास परत येते. फोटो खरा आहे, मजकुरातलं एकही वाक्य खरं नाही. मला याचा त्रास होतो, कारण त्या रेघेवर खरोखर जे चाललेलं असतं, नेमकं तेच या मजकुरामुळे झाकलं जातं.

‘अटलांटिक आणि पॅसिफिक भेटतात’: नकाशा उघडला की हे संपतं. अलास्काचं आखात हा पॅसिफिकचाच उत्तरेकडचा भाग आहे. अटलांटिक तिथून अख्खं उत्तर अमेरिका खंड ओलांडल्यावर लागतो. हे दोन महासागर भेटतात दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नच्या दक्षिणेला, आणि तिथली हद्द म्हणजे नकाशावरचं एक रेखावृत्त. तिथल्या ड्रेक सामुद्रधुनीतून दर सेकंदाला 10 कोटी घनमीटरहून जास्त पाणी पॅसिफिकमधून अटलांटिकमध्ये जातं. अॅमेझॉन साधारण 2 लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते, यावरून अंदाज घ्या. न मिसळणारे समुद्र असे वाहत नाहीत.

मग ते दोन रंग कसले? खूप फिरणाऱ्या फोटोंपैकी एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेतले समुद्रशास्त्रज्ञ केन ब्रूलंड यांनी 2007 साली एका संशोधन मोहिमेत काढलेला आहे. हिमनदी खडकावरून सरकते तेव्हा खालचा खडक दळला जाऊन मैद्यासारखी पूड होते. बर्फ वितळलं की अलास्कातल्या कॉपर नदीसारख्या नद्या ती पूड घेऊन आखातात उतरतात. फोटोतलं दुधट पाणी ते. निळं पाणी खुल्या समुद्राचं.

आता ‘भिंत’. इथे जरा थांबावं लागेल.

गोडं पाणी लिटरला साधारण 1000 ग्रॅम भरतं, समुद्राचं साधारण 1025. फरक छोटा वाटतो, पण तेवढ्यावर नदीचं पाणी मुखाबाहेर पडल्यावर बुडत नाही, समुद्रावर पातळ थरासारखं पसरत जातं. बऱ्याच ठिकाणी हा थर जेमतेम काही मीटर जाडीचा असतो. त्याच्या पुढच्या कडेशी दोन्ही बाजूंचं वरचं पाणी एकमेकांकडे सरकतं आणि तिथे खाली जातं. फेस, लाकडं, पानं तरंगणारी, ती खाली जाऊ शकत नाहीत, म्हणून रेघेवर गोळा होतात. कोकणात भर पावसाळ्यात, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाबाहेर बघा: लाल पाण्याची कड आणि तिच्यावर फेस, काटक्या, नारळाची सोडणं यांची ओळ. भरतीबरोबर ती ओळ मागे येते, वाऱ्याबरोबर वाकते, विरते. भिंतीला असं करता येत नाही.

म्हणजे ‘कधीच मिसळत नाही’ हे वाक्य अगदी उलटं आहे. त्या कडेशी पाणी जोरात घुसळलं जात असतं. गोड्या पाण्याची भर सतत येत असते म्हणून रेघ दिसत राहते, जुनं पाणी मात्र वारा, लाटा आणि भरती-ओहोटी मिसळून टाकतात. आणि या मिसळण्यावर जीव जगतात. अलास्कापासून दूर खुल्या समुद्रात नायट्रेट हे वाढीला लागणारं खत भरपूर आहे, लोह अत्यल्प, त्यामुळे वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे वनस्पतींसारखे सूक्ष्म जीव) हवा तसा वाढत नाही. हिमनद्यांच्या पुडीत लोह असतं. ते किनाऱ्यापासून आत कसं पोचतं, याचा शोध ब्रूलंड यांची मोहीम घेत होती. पाणी मिसळलंच नसतं तर शोधण्यासारखं काही उरलंच नसतं.

राहिलं ‘शास्त्रज्ञांकडे उत्तर नाही’. उत्तर आहे, आणि त्यात आपल्याकडच्या मच्छीमारांचाही हात आहे. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने फ्रेंच शास्त्रज्ञांबरोबर भारताच्या किनाऱ्यावर खारटपणा मोजण्याचं काम केलं. नमुने मच्छीमारांनी घेतले: दर पाच दिवसांनी, गुडघाभर पाण्यात उभं राहून बाटली भरायची. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की पावसाळ्याच्या शेवटी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्याने बंगालच्या उपसागराच्या उत्तरेकडे किनाऱ्याचा खारटपणा किलोभर पाण्यामागे 10 ग्रॅमहून जास्त घटतो. मग ते पाणी सुमारे 100 किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून पूर्व किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे सरकतं. देशाच्या टोकाशी पोचायला त्याला दोन-अडीच महिने लागतात, आणि वाटेत खालचं खारं पाणी वर मिसळत गेल्यानं ते पुन्हा खारट होत जातं.