तूप कोणत्या रकान्यात?

सातवीतल्या मुलीची घटक चाचणी असली की आमच्या घरात परीक्षा माझी असते. यंदा धडा होता पदार्थांतील बदलांचा. वहीत दोन रकाने, भौतिक आणि रासायनिक. गाईडमध्ये खूण छापलेली: मूळ पदार्थ परत मिळाला तर भौतिक, नाही मिळाला तर रासायनिक. बर्फ, मेणबत्ती, गंजलेला खिळा यांचा निकाल चहा गार व्हायच्या आत लागला.

"बाबा, दळलेल्या पिठाचे परत गहू होतात?"

"नाही."

"मग दळण रासायनिक?"

गिरणीवाल्याला शास्त्रज्ञ करून टाकायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, गाईड मीट. नवा पदार्थ तयार झाला का, एवढंच बघायचं. पीठ म्हणजे बारीक झालेले गहूच. तेवढ्यात तिने गणवेशाचा पांढरा शर्ट आणला. त्यावर वरणाचा डाग. साबण लावला तर डाग लालभडक! हळदीतल्या कर्क्युमिनची साबणातल्या अल्कलीशी अभिक्रिया होते, म्हणजे बदल पक्का रासायनिक. पण खळखळून धुतल्यावर डाग पुन्हा पिवळा. मूळ रंग परत! रासायनिक बदलही उलटा फिरतो, हे गाईडला कुणी सांगावं? शर्ट उन्हात टाकला. उन्हात कर्क्युमिनचे तुकडे पडतात, डाग विरतो आणि मग मात्र तो परत येत नाही.

"आजीचं तूप कोणत्या रकान्यात?"

आई लोणी कढवत होती. आम्ही दोघं पातेल्यावर वाकलो. लोण्यातलं पाणी उडत होतं तोवर नुसती तडतड. पाणी आहे तोवर गरमी 100 अंशांच्या आसपासच घुटमळते. मग आवाज मंदावला, वर पारदर्शक तूप, तळाशी बेरी, आधी पांढरी, मग बदामी, आणि तो वास! मी म्हटलं, "तूप लोण्यातच होतं, ते फक्त सुटं झालं. भौतिक. पण बेरीचा रंग आणि वास नवीन पदार्थांचा. रासायनिक."

"म्हणजे एकाच पातेल्यात दोन रकाने?"

"आधी गॅस बंद करा," आई म्हणाली, "नाहीतर तिसरा निघेल, करपलेलं तूप."

विरजणाने फार छळलं नाही. जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, दूध घट्ट होतं, रासायनिक. दह्याचं ताक घुसळणं भौतिक. पुढचा शब्द 'भात शिजणे'.

इथे माझी दांडी गुल. तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, त्याची घट्ट वीण सैल होते, पण राहतो स्टार्चच. मग नवा पदार्थ कुठला? गार झाल्यावर भात पुन्हा कडक होतो, वाफ दिली की परत मऊ. आईने तर पुरावाच काढला, सकाळचा शिळा भात. "हा बघ कडक. फोडणी घालते, मऊ होतो की नाही सांग."

"म्हणजे भौतिक?" मुलीने पेन्सिल उचलली.

मी हळूच विचारलं, "बाईंनी काय सांगितलंय?"

"अन्न शिजणे, रासायनिक."

"किती गुणांना आहे?"

"एक."

"मग शुक्रवारपर्यंत रासायनिक."