लपवलेला डोअर क्लोजर : आधी दार बघा, मग क्लोजर

नव्या फ्लॅटच्या आणि ऑफिसच्या कामांत आता दारावर दिसणारा क्लोजर, म्हणजे उघडलेले दार आपोआप मिटवणारे उपकरण, कुणालाच नको असतो. माथ्यावरची ती पेटी आणि कोपरातून दुमडलेला आर्म यांमुळे चांगल्या व्हीनियरच्या दाराची शोभा जाते, हे मलाही मान्य आहे. त्यामुळे कन्सील्ड, म्हणजे पल्ल्याच्या किंवा चौकटीच्या आत बसणाऱ्या क्लोजरची मागणी होते, आणि ती बहुतेक वेळा अगदी शेवटी होते : दार तयार होऊन साइटवर आलेले असते, पॉलिश झालेले असते, आणि मग सुताराला सांगितले जाते की यात क्लोजर लपवून बसव. माझे स्पष्ट मत आहे की हा क्लोजर दाराच्या ऑर्डरबरोबरच ठरायला हवा. ते शक्य नसेल तर बाहेरून लागणारा साधा क्लोजर निःसंकोच लावावा.

याचे पहिले कारण जाडीचे आहे. पल्ल्याच्या वरच्या कडेत बसणाऱ्या चांगल्या क्लोजरला दार किमान ४० मिलिमीटर जाड लागते, आणि त्याच प्रकारातल्या जास्त ताकदीच्या क्लोजरला ५० च्या आसपास. आपल्याकडे घरांना सर्रास लागणारे फ्लश डोअर ३० ते ३५ मिलिमीटरचे असते. अशा दाराची वरची कड राउटरने, म्हणजे लाकूड कोरण्याच्या यंत्राने, कोरली की दोन्ही बाजूंना प्लायचा जेमतेम पापुद्रा उरतो, आतल्या वरच्या आडव्या पट्टीचा बराचसा भाग निघून जातो, आणि क्लोजरचे स्क्रू जिथे पकड घेणार तिथेच लाकूड नसते. असे दार काही महिने चालते, मग पेटी आतल्या आत हलू लागते आणि व्हीनियरवर उभी चीर दिसू लागते. दार बनवणाऱ्याला आधीच सांगितले तर तो त्या जागी भरीव लाकूड घालून देतो. हे काम कारखान्यात सोपे असते आणि साइटवर जवळजवळ अशक्य असते.

दुसरा मुद्दा ताकदीचा. युरोपियन मानक ईएन ११५४ मध्ये क्लोजरचे १ ते ७ असे आकार ठरवून दिलेले आहेत आणि ते दाराच्या रुंदीवर व वजनावर बेतलेले आहेत : ३ क्रमांक ९५० मिलिमीटर रुंद व ६० किलोपर्यंतच्या दारासाठी, ४ क्रमांक ११०० मिलिमीटर व ८० किलोसाठी, ५ क्रमांक १२५० मिलिमीटर व १०० किलोसाठी. दुकानात फक्त वजन विचारले जाते, पण रुंदीही तितकीच महत्त्वाची असते, कारण रुंद पल्ला मिटवायला जास्त जोर लागतो आणि वाऱ्याचा दाबही त्याच्यावर जास्त येतो. लपवलेले क्लोजर सहसा २ ते ४ किंवा ३ ते ६ अशा पट्ट्यांत मिळतात आणि स्प्रिंगचा ताण त्या पट्टीत कमीजास्त करता येतो. घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर मोठा आकार घेऊन निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण दार मिटवणारी ताकद आपणच उघडताना स्प्रिंगमध्ये भरत असतो. आईला दोन्ही हातांनी ढकलावे लागणारे दार काय कामाचे?

इथे आतल्या रचनेचा प्रश्न येतो, आणि ग्राहक तो क्वचितच विचारतात. बाहेरच्या क्लोजरचा दोन तुकड्यांचा आर्म दार मिटत आल्यावर तरफेसारखा काम करतो आणि लॅच, म्हणजे कुलपाची स्प्रिंगवरची जीभ, चौकटीत बसवायला जोर देतो. लपवलेल्या क्लोजरला चौकटीतल्या चॅनलमध्ये सरकणारा एकच आर्म असतो, त्यामुळे तो फायदा बराचसा जातो. ही कसर भरून काढण्यासाठी चांगल्या क्लोजरमध्ये कॅम, म्हणजे विषम गोलाईची चकती, वापरतात : दार उघडताना पहिल्या काही अंशांत जोर लागतो आणि पुढे तो झपाट्याने उतरतो, तर मिटताना नेमका शेवटी जोर वाढतो. साध्या रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) रचनेला सरकता आर्म जोडलेला असेल तर लॅच अर्धवट राहण्याची तक्रार हमखास येते. म्हणून घेताना 'कॅम अ‍ॅक्शन आहे का' हे विचारावे आणि उत्तर कॅटलॉगमध्ये दाखवायला सांगावे.

पावसाळ्याचा विचार तर आपल्याकडे करायलाच हवा. जुलैमध्ये लाकूड फुगते, पल्ला चौकटीला घासू लागतो, शेवटच्या दोन बोटांत दार अडते आणि दोष क्लोजरला दिला जातो. कुणीतरी अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) घेऊन स्प्रिंग आवळतो आणि लॅचचा वॉल्व्ह, म्हणजे दार शेवटी मिटण्याचा वेग ठरवणारा स्क्रू, मोकळा करतो. दिवाळीपर्यंत लाकूड सुकते आणि तेच दार धाडकन आपटू लागते. क्लोजरला हात लावण्याआधी आर्म सोडून पल्ला नुसत्या हाताने लोटून बघावा. तो बिजागऱ्यांवर सहज फिरत नसेल तर आधी रंधा हवा.

फ्लोअर स्प्रिंग, म्हणजे दाराखाली जमिनीत बसणारा क्लोजर, हाही लपवलेलाच क्लोजर आहे आणि काचेच्या दाराला तो शोभतो. १२ मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो होते, म्हणजे ९०० बाय २१०० चे दार सुमारे ५७ किलोचे. पण त्याचे खोके लादी आणि कोबा फोडून जमिनीत बसवावे लागते, रोजच्या पुसण्याचे पाणी त्यात उतरते, आणि समुद्राकाठच्या गावांत ते लवकर गंजते. राहत्या घराला तो मी सुचवणार नाही.

सर्वांत जास्त आग्रह मला जिन्याच्या फायर डोअरबद्दल, म्हणजे आग आणि धूर अडवणाऱ्या दाराबद्दल, धरायचा आहे. तिथे क्लोजर लपवू नये असे माझे मत आहे. नियमाने ते वर्ज्य आहे असे नाही. त्या क्लोजरसह दाराची आगीची चाचणी झालेली असेल आणि कोरलेल्या जागेत आगीत फुगणारे संरक्षक अस्तर घातलेले असेल तर ते चालते, मात्र क्लोजर किमान ३ आकाराचा लागतो. पण आपल्या सोसायट्यांमधली देखभाल डोळ्यांना दिसेल तेवढीच होते. बाहेरच्या क्लोजरमधून तेल गळले तर पल्ल्यावर काळा ओघळ येतो आणि तो वॉचमनलाही दिसतो. आतल्या क्लोजरचे तेल लाकडात मुरते आणि दार पूर्ण मिटत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. धूर जिन्यात शिरायला तेवढी फट पुरते.

शिवाय उंच इमारतींत आगीच्या वेळी धूर आत येऊ नये म्हणून जिन्यात पंख्याने हवेचा दाब धरला जातो. ५० पास्कल दाब धरला तर ९०० बाय २१०० च्या दारावर सुमारे ९५ न्यूटन भार येतो आणि जिन्याकडे उघडणारे दार लोटताना हँडलपाशी त्यातला निम्मा, म्हणजे पाचेक किलोचा जोर, क्लोजरच्या ताकदीशिवाय वेगळा लागतो. ताण ठरवताना हा हिशेब करणारी आगसुरक्षेची परवानाधारक एजन्सी निवडावी. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो. त्या वेळी एजन्सीच्या माणसाबरोबर कमिटीतल्या एकाने प्रत्येक मजल्यावर जाऊन दार पूर्ण उघडून सोडावे, मग हातभर उघडून सोडावे, आणि दोन्ही वेळा लॅच स्वतःहून बसते का ते बघावे. कुंडी किंवा सुतळी लावून उघडे ठेवलेले दार दिसले तर ती तिथल्या तिथे काढावी.

घराच्या मुख्य दाराला, केबिनला, मीटिंग रूमला मात्र लपवलेला क्लोजर जरूर लावावा. फक्त सरकत्या आर्मचे दार साधारण १२० अंशांच्या पुढे जात नाही, म्हणून भिंतीला किंवा जमिनीत डोअर स्टॉपर हवाच, नाहीतर सगळा धक्का चॅनलच्या टोकावर येऊन आर्म वाकतो. वॉल्व्ह पल्ल्याच्या वरच्या कडेवर असतात, तेव्हा दार उघडल्यावर तिथे अ‍ॅलन की पोहोचेल एवढी जागा फॉल्स सीलिंगखाली सोडायला पीओपीवाल्याला आधीच सांगून ठेवावे.