फडक्याला रंग लागला नाही म्हणून

आज सकाळी खाली उतरले तर शेजारचे काका माझी गाडी पुसत होते. कोरड्या फडक्याने. तीन दिवस बाहेर उभी असलेली, धुळीने माखलेली गडद निळी गाडी. गोल गोल, मन लावून, मध्येच जरा जोर देऊन. मला बघून हसले, फडकं उलटं करून दाखवलं आणि म्हणाले, "बघ, नुसती धूळ निघाली. रंग लागलाय का कुठे फडक्याला?"

मी "थँक्यू काका" म्हणाले, गाडीत बसले, दार लावलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

एवढं काय त्यात, माणूस मदतच करत होता, असं म्हणणारे आत्ताच म्हणून घ्या. अहो, गाडी मळलीये हे मला दिसत नव्हतं का? धुवायला वेळ होईपर्यंत मुद्दाम तशी ठेवली होती! धुळीत वाळूचे बारीक कण असतात. त्यातलं क्वार्ट्झ काचेवरसुद्धा चरा पाडतं, रंगाची काय कथा. पण हे कण गाडीवर नुसते पडून असतात तोवर कुणाचं काही वाकडं करत नाहीत. त्यांना रंगावर रगडायला माणूस लागतो. हातात फडकं असलेला, प्रेमळ माणूस.

फडक्याला रंग लागणं म्हणजे काय ते मला विचारा. बारा वर्षांची होते. बाबांच्या गाडीच्या बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा वाळून बसली होती. बाबा दुपारचे झोपलेले. उठल्यावर खूश होतील म्हणून मी भांडी घासायची पावडर आणि ओलं फडकं घेतलं आणि घास घास घासलं. विष्ठा निघाली. फडकं निळं झालं. बॉनेटवर तळहाताएवढा मेलेला डाग उरला. बाकीच्या बॉनेटमध्ये आभाळ दिसायचं, त्या डागात काहीच दिसेना.

त्या गाडीला जुन्या पद्धतीचा रंग होता, वर पारदर्शक थर नसलेला. जे घासलं जायचं ते थेट फडक्यावर यायचं. म्हणजे फडकं तुम्हाला सांगायचं, बाई गं, थांब. आताच्या गाड्यांना खाली प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असतो. तुम्ही घासता तो हा क्लिअर कोट, आणि तो पारदर्शक! मग फडक्याला रंग लागणार कुठून? जाडी म्हणाल तर साधारण 40-50 मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. एवढ्याशा थरावर गाडीचं सगळं आयुष्य काढायचं, आणि काका म्हणतात रंग लागला नाही.

गडद गाडी असेल तर भर उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. ते स्वर्ल मार्क्स. गंमत म्हणजे त्या रेघा गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. प्रकाशाला आडव्या येतात तेवढ्या चमकतात, म्हणून गोल वाटतात. पांढऱ्या गाडीवर दिसत नाहीत, म्हणून पांढऱ्या गाडीवाले निवांत. असतात मात्र त्यांच्याकडेही.

आता बाबांचं. उठले, बाहेर आले, डाग बघितला. मी रडायला लागले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून चमकवायच्या पेस्टचा, डबा आणला आणि दोघं मिळून घासत बसलो. पॉलिश म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. चरा भरून येत नाही, चऱ्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या पातळीला खाली आणायचा असतो. म्हणजे दुरुस्ती करायची ती आणखी खरवडून. "मी दर दोन महिन्यांनी गाडी पॉलिश करतो" असं अभिमानाने सांगणारे भेटतात ना, त्यांचं मला हसू येत नाही, भीती वाटते. काय पॉलिश करताय? उरलंय किती? नखाने चाचपून बघा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने जायचा नाही, त्याच्याशी भांडू नका.

बरं, यातल्या अर्ध्या लोकांना पॉलिश म्हणायचं नसतं, वॅक्स म्हणायचं असतं. पॉलिश काढून घेतं, वॅक्स वर बसतं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. पानाने उन्हातान्हात स्वतःसाठी केलेलं अस्तर आपण गाडीला लावतो. मला ते फार आवडतं. काही आठवड्यांत उतरतं, मान्य. सीलंट, म्हणजे त्याच कामाचं कृत्रिम अस्तर, जास्त टिकतं, तेही मान्य.

आणि सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअर कोटवर लावतात तो कडक पारदर्शक थर! "आता काही बघायला नको, 9एच आहे!" अहो, तो आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापावरचा आहे, हिऱ्याच्या नव्हे. पाणी सुंदर ओघळतं, मळ कमी चिकटतो, चांगलीच गोष्ट आहे. पण उडालेला दगड ते अडवत नाही, आणि कोरडं फडकं फिरवलंत तर त्याच्यावरही चरे पडतात. दगडासाठी पीपीएफ असते, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म. कोटिंग करून गाडी धुवायचंच सोडून दिलेले लोक मी बघितलेत. कपाळावर हात मारावा तेवढा थोडा.

(इथपर्यंत दुपारी लिहून ठेवलं होतं. आता रात्र आहे. राग जरा निवलाय, पण पोस्ट टाकणारच.)

मी कशी धुते ते सांगते, कारण नुसतं ओरडून उपयोग नाही. सावलीत, बॉनेट हाताला गार लागलं की. आधी नुसतं पाणी, भरपूर, हात न लावता. जेवढी धूळ आपणहून जाईल तेवढी जाऊ द्यायची. मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा, मगच परत शाम्पूत. शेवटी त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी बघा. ती सगळी वाळू एका बादलीच्या धुण्यात परत गाडीवर गेली असती. टपापासून सुरुवात, खालचा भाग शेवटी, हात सरळ रेषेत. चाकांचं फडकं वेगळं, ब्रेकच्या धुळीत लोखंडाचे कण असतात. फडकं जमिनीवर पडलं की ते गाडीसाठी मेलं. भांड्यांचा साबण नको, लावलेलं वॅक्स उतरतं. आणि धुतल्यावर वाळायला सोडू नका, जड पाण्यातले क्षार ठिपके ठेवून जातात. मऊ टॉवेल नुसता टेकवून टिपून घ्या.

पाणी खूप लागतं, हो, लागतं. पाणी कमी असेल तर एका बादलीत भागणारे, नंतर पाणी ओतावं न लागणारे रिन्सलेस शाम्पू मिळतात, धूळ थोडी असेल तर चालतात. वेळही जातो. आणि गाडी शेवटी फिरायला असते, आरशासारखी बघत बसायला नाही, हे माझा नवरा मला दर रविवारी ऐकवतो. ऐकलं.

विष्ठेचं मात्र थांबू नका. तिच्यात युरिक आम्ल असतं, आणि उन्हात तापलेला क्लिअर कोट जरा सैल पडलेला असतो. गार होताना तिच्याभोवती आवळतो आणि ठसा कायमचा राहतो. ओला कपडा वर ठेवायचा, दहा मिनिटं बसू द्यायचा, मग अलगद उचलायचं. घासायचं नाही. दहा मिनिटं. मला कुणी सांगितलं असतं तर.

बाबांनी तो डाग तिसऱ्या रविवारी चमकवला. पण त्याच्या शेजारी बॉनेटची उठलेली घडी होती. असल्या कडांवर रंग पातळ असतो, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिथे प्रायमरची राखाडी रेघ उघडी पडली. पुढे कैक वर्षांनी गाडी विकताना, घेणाऱ्याने बरोब्बर तिथेच बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? मी बाजूलाच उभी होते. बाबा म्हणाले, "ते पहिल्यापासूनच आहे." साफ खोटं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मघाशी काका खाली भेटले. मी मोबाइलचा टॉर्च लावून त्यांना दरवाजावरची वर्तुळं दाखवली. शांतपणे, हे सगळं समजावून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हळूच विचारलं, "हे मी केलं का गं सगळं?"

"नाही हो काका, पहिल्यापासूनच आहे."

रविवारी सातला येणार आहेत. दुसरी बादली ते आणतील.