सार्वभौमत्व हिरावलं गेलं की सही करून दिलं?

'जागतिकीकरणाने राज्यसंस्थेच्या हातातून सत्ता हिसकावून घेतली' हे जागतिकीकरणावरच्या एका लेखातलं वाक्य मला पटत नाही. राज्यशास्त्र शिकवताना मीही अनेक वर्षं हेच सांगत होतो, पण परदेशी कंपन्यांना सरकारवर दावा लावू देणारे गुंतवणूक करार वाचायला लागल्यावर मत बदललं. हिसकावलं कुणीच नाही, सरकारांनी स्वतः सह्या केल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने 2011 मध्ये सिगारेटच्या पाकिटांवरची कंपन्यांची बोधचिन्हं आणि रंग काढून टाकणारा कायदा केला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2012 मध्ये वैध ठरवला. पण त्याआधीच, 2011 मध्ये, फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या हाँगकाँगशी 1993 साली झालेल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे उभं केलं! डिसेंबर 2015 मध्ये लवादाने दावा फेटाळला खरा, पण तोही अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. सरकारला असा कायदा करता येतो का, या मूळ प्रश्नाला त्याने हातच घातला नाही.

लेखात पूर्णपणे सुटलेली गोष्ट म्हणजे अशा दाव्यांची दहशत. तसाच कायदा करू पाहणाऱ्या न्यूझीलंडने 2013 मध्ये जाहीर केलं की ऑस्ट्रेलियातल्या खटल्यांचं काय होतं ते आधी पाहू. त्यांचा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला 2018 उजाडलं. निवडून आलेलं सरकार दुसऱ्याच देशावरच्या दाव्याच्या निकालाची वाट पाहत थांबतं, याची नोंद कुठल्याही निकालपत्रात होत नाही. आणि हे करार संसदेत किती तास चर्चिले जातात, हे लेखकाने जरूर तपासावं.