‘शिक्षकांना शिकवून मोकळं होता येतं, आईला नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

मागच्या लेखात मी आमच्या एका विद्यार्थ्याबद्दल लिहिलं होतं. बौद्धिक अक्षमता असलेला हा मुलगा मुलुंडहून विक्रोळीला लोकलने एकटा कामाला जायला शिकला. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे वाचायला छान आहे, पण हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ धडधाकट माणसं लोकलमधून पडली, तिथे आपल्या मुलांचा काय निभाव लागणार? तुमची १९ वर्षांची मुलगी डोंबिवलीहून कल्याणच्या केंद्रात ठरलेल्या रिक्षाने जाते आणि तशीच जाईल. आणि शेवटी, ‘शिक्षकांना शिकवून मोकळं होता येतं, आईला नाही.’

या शेवटच्या वाक्यावर मला काहीही म्हणायचं नाही. ते खरं आहे. बाकीच्याबद्दल मात्र म्हणायचंय, आणि दोन ओळींत आटपण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी मुंब्रा. तिथे पडलेली माणसं दारात लटकलेली होती, सकाळच्या गर्दीची वेळ होती, आणि वळणावर दोन गाड्या शेजारून गेल्या. हा धोका मी कधीच नाकारणार नाही. म्हणूनच आमच्याकडे तिकीट, इंडिकेटर वगैरे सगळं नंतर येतं. सगळ्यात आधी शिकवायचं ते गाडी सोडून द्यायला. गर्दी दिसली, सोडायची. गाडी हलली, सोडायची. केंद्रात पोचायला उशीर झाला तरी कोणी रागावणार नाही, हे आईवडिलांनी आणि केंद्रातल्या बाईंनी मुलीला आधीच सांगून ठेवायचं आणि तसंच वागायचं. उशिराची भीती हेच धावत गाडी पकडण्याचं कारण असतं. एकदा हा नियम अंगवळणी पडला की आमची बरीच मुलं तो तुमच्या-माझ्यापेक्षा कडक पाळतात.

आता तुमच्या मुलीचा रस्ता बघा. सकाळी लोंढा मुंबईकडे जातो, ती कल्याणकडे जाणार. संध्याकाळी लोंढा परत येतो, ती उलट डोंबिवलीला येणार. म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध दिशेने. इतका सोयीचा मार्ग आमच्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला येतो. त्यात तिने फक्त ‘कल्याण लोकल’च धरायची असं ठरवलं, कसारा नाही, कर्जत नाही, अंबरनाथ-बदलापूर नाही, तर स्टेशन चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. गाडी तिथेच संपते. कर्जत गाडीत बसून डुलकी लागली तर विठ्ठलवाडी, कसारा गाडीत शहाड. कल्याण लोकलमध्ये यातलं काहीच नाही.

एक जागा मात्र खरोखर जपण्याची आहे, आणि ती तुम्ही रोज बघत असाल. कल्याणला गाडी लागायच्या आत, उतरणाऱ्यांना उतरूही न देता, परतीच्या गाडीत जागा पकडायला बायका आत घुसतात. काहीजणी तर डोंबिवलीलाच ‘रिटर्न’ बसलेल्या असतात, म्हणजे त्याच गाडीने परत जाताना जागा हातची राहावी म्हणून. त्या धक्क्यात दारापाशी आपली मुलगी नको. तिला शिकवायचं की गाडी थांबली तरी उठायचं नाही. घुसणाऱ्या घुसू देत, बसणाऱ्या बसू देत, मग ‘उतरायचंय’ असं मोठ्याने म्हणत उतरायचं. गाडी काही मिनिटं उभी असते, तेवढा वेळ पुरतो. हे ‘उतरायचंय’ घरी सराव करून घ्या. आमच्या एका विद्यार्थिनीचा आवाजच निघायचा नाही. तिला आम्ही वर्गात खुर्च्यांच्या दोन रांगा लावून, मध्ये माणसं उभी करून रोज हा एक शब्द म्हणायला लावला.

परतीच्या वाटेवर डोंबिवली ओळखावी लागेल. बहुतेक घरांत स्टेशनं बोटांवर मोजायला शिकवतात. कृपा करून तसं करू नका. गाडी सिग्नलला थांबली की मूल ते स्टेशन समजून मोजतं आणि हिशोब कोलमडतो. दारापर्यंत गेलेला मुलगा मी पाहिलाय, बाहेर फलाट नव्हता, नुसती खडी होती. त्यापेक्षा तीन खुणा द्या: ‘पुढील स्टेशन डोंबिवली’ ही घोषणा, बाहेरचा पिवळा बोर्ड, आणि शेजारच्या बाईला ‘पुढे डोंबिवली ना?’ हा प्रश्न. तिन्हींपैकी दोन जुळल्या तरच जागेवरून उठायचं.

आणि तरीही चुकली तर? माझं सगळं म्हणणं या प्रश्नापाशी येऊन थांबतं, ताई. न चुकता जाणं शिकवणं तसं सोपं असतं. शिकवायचं असतं ते चुकल्यावर काय करायचं. मुलुंड-विक्रोळीच्या त्या मुलाला आम्ही मुद्दाम फास्ट गाडीत बसवलं. गाडी विक्रोळीला थांबलीच नाही, थेट घाटकोपर. मी डब्याच्या दुसऱ्या टोकाला होते आणि जागची हलले नाही. तो घाबरला, फलाटावर उतरला, बाकावर बसला, शिकवल्याप्रमाणे घरी फोन केला, मग स्टॉलवाल्याला विचारून पूल चढून पलीकडे गेला आणि ठाण्याकडची स्लो धरून एक स्टेशन मागे आला. ज्या मुलाला कधी चुकूच दिलं नाही, तो पहिल्यांदा चुकेल तेव्हा बरोबर कोणीही नसेल.

वाईट माणसांची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ‘ठरलेली रिक्षा’ या शब्दांत ती आहे. तुमचे रिक्षावाले काका सज्जनच असतील, माझा त्यांच्यावर रोख नाही. पण एका माणसाबरोबर रोज एकटीने जाणं हे पन्नास बायकांच्या लेडीज डब्यापेक्षा आपोआप सुरक्षित कसं ठरतं, याचा विचार व्हायला हवा. डब्यात ओरडलं तर ऐकणारं कोणीतरी असतं. तिला हे पक्कं हवं: मदत मागायची ती गणवेशातल्या पोलिसाकडे, तिकीट खिडकीवर किंवा स्टॉलवर. कोणाहीबरोबर स्टेशनाबाहेर जायचं नाही. घरचा एक नंबर तोंडपाठ, कारण मोबाइलची बॅटरी संपते. १३९ हा रेल्वेचा नंबरही. आणि नाव-पत्त्याचं कार्ड गळ्यात अडकवू नका, बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा. अनोळखी माणसाने तिला नावाने हाक मारावी आणि तिला तो ओळखीचा वाटावा, ही सोय आपण का करून द्यायची?

दिव्यांगांच्या डब्याचंही सांगते. बऱ्याच स्टेशनांत त्या डब्याच्या जागी फलाटावर बीप-बीप वाजत असतं, त्यामुळे जागा सापडायला सोपी. पण बौद्धिक अक्षमता चेहऱ्यावर दिसत नाही, आणि ‘तू कुठे अपंग आहेस, उतर’ असं आमच्या मुलांना ऐकावं लागतं. वाद न घालता ओळखपत्र दाखवणं शिकवावं लागतं. तुमच्या मुलीसाठी सुरुवात लेडीजनेच करावी असं माझं मत.

रेल्वेच्या भाडेसवलतीच्या यादीत अंध प्रवाशांसाठी ‘एकटे किंवा सोबत्यासह’ असं लिहिलेलं असतं. बौद्धिक अक्षमतेच्या ओळीत मात्र ‘सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे’ एवढंच. ते वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात समाजात राहण्याचा हक्क आहे, वाहतुकीच्या सोयींबद्दल स्वतंत्र कलम आहे. आणि सवलतीच्या फॉर्मवर मात्र आपलं मूल एकटं जाऊ शकेल ही शक्यताच कोणी धरलेली नाही. निदान आपण तरी धरूया.

सगळ्यांना हे जमतं असं मी म्हणत नाही. ज्यांना वारंवार फिट येतात, किंवा मोठ्या आवाजाने जी रुळांकडे पळत सुटतात, त्यांना मी स्वतः एकटं पाठवणार नाही. त्यांच्यासाठी सोबत हवीच, आणि त्यात कमीपणा काही नाही.

तुम्हाला सुरुवात करावीशी वाटली तर रविवारी करू नका, दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमध्ये गाड्यांचा पत्ता नसतो. मधल्या वारी दुपारी, डोंबिवली ते ठाकुर्ली, एकच स्टेशन. आधी शेजारी बसा, मग समोर, मग डब्याच्या दुसऱ्या टोकाला, मग शेजारच्या डब्यात. प्रत्येक टप्प्यावर ती कंटाळेपर्यंत थांबा. कल्याण नंतर.

मुलीला वाचता कितपत येतं, आणि गाडीचा भोंगा वाजला की ती काय करते, तेवढं लिहून कळवा. त्यावरून खुणांची चित्रपट्टी कशी करायची ते सांगते.