पेटीवर मींड येत नाही, म्हणूनच...

पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, मींड येत नाही; एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं तिला जमत नाही. पेटीला कमी लेखणारे पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवत आलेत, आणि ते खरंच आहे. गंधारावरून पंचमाला जाताना गळा किंवा सारंगी मधली सगळी वाट सुरात चालते. पेटीत मात्र पट्टी दाबली की सूर, सोडली की संपला. पण आपल्याकडची पेटी इतकी देखणी झाली ती या उणिवेमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

एखाद्या तयार साथीदाराचे हात जवळून बघा. गायकाने गंधार-पंचम मींड घेतली की तो गंधाराची पट्टी लगेच सोडत नाही. मध्यमाचा ओझरता कण, म्हणजे निसटता स्पर्श, घेत पंचमावर बोट टेकेपर्यंत ती किंचित दाबलेलीच असते. त्याच क्षणी डावा हात भात्याचा दाब सैल करतो आणि पंचमावर पुन्हा भरतो. सूर खरं तर तुटलेला असतो, पण कानाला तो सांधलेला वाटतो. उरलेली मींड ऐकणारा मनात पूर्ण करतो! हे पुस्तकात सापडत नाही, गुरूच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून हातात उतरतं.

दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, गंधार तर पेटीवर तसा लागणारच नाही. जाणता वादक तिथे पट्टी धरून ठेवत नाही. हलका स्पर्श करून पुढे सरकतो, नाहीतर गायकाला जागा देऊन थांबतो. काय वाजवायचं नाही, हे पेटीइतकं क्वचितच कुठलं वाद्य शिकवत असेल.

बरं, अडचण सगळ्यांची एकच, पण उत्तरं किती वेगवेगळी! गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणाऱ्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत स्वतःचा मान मिळवून दिला. भीमसेनजींच्या साथीला अप्पा जळगावकर. गोव्यातल्या बोरीचे, मधुकर पेडणेकरांकडे शिकलेले तुळशीदास बोरकर. यांची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐका, पट्ट्या त्याच असूनही बोलणं वेगळं ऐकू येईल.

आता कीबोर्डवर एक चाक फिरवलं की सूर घसरतो. सोय आहे, वापरणाऱ्यांनी जरूर वापरावी. पण शिकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून ते चाक देऊ नका. दोन सुरांमधलं अंतर आधी बोटांनी आणि भात्याने भरायला शिकू दे. त्या धडपडीत कान तयार होतो.

मात्र यावरून कुणी म्हणेल की कलाकाराला जितकं अडवावं तितकं बरं, तर मी अजिबात मान्य करणार नाही. 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती 1971 च्या सुमारास, तीही काही अटींवर, सैल झाली. मींड नाही, श्रुती म्हणजे सुरांमधले बारीक भेद नाहीत, अशीही कारणं त्यामागे होती. वाद्याची मर्यादा वादकाच्या हातात असते, तो तिच्याशी रोज झुंजू शकतो. रेडिओच्या बंद दाराशी झुंजून कुठली नवी जागा सुचणार? त्या तीस वर्षांत मैफली आणि नाटक कंपन्या होत्या म्हणून पेटीवाले टिकले. पण ऐन उमेदीतल्या किती जणांचं वादन रेडिओवर कधी वाजलंच नाही, आणि ते आता कुठल्याच संग्रहात मिळणार नाही.